खानेसुमारी

माझी आत्या बारच्या दाराशी बसायची. आज हे वाक्य मी सरळ लिहू शकते. एकोणिसाव्या वर्षी कुणी माझी मान कापली असती तरी ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

ती प्यायला बसायची नाही, ती तिची नोकरी होती. झुलत्या दाराच्या डाव्या हाताला एक लाकडी खुर्ची, पुढे एक बुटकं टेबल, त्यावर जाडजूड वही, भिंग, आणि टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधलेलं पेन. दोरा अशासाठी, की माणसं बारमध्ये स्वतःचं घड्याळ विसरून जातात पण दुसऱ्याचं पेन आठवणीने घेऊन जातात, असं तिचं म्हणणं होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात ती तिथे असायची. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे आमच्या कॉलेजचं फाटक. आत शिरणाऱ्या प्रत्येक कोवळ्या चेहऱ्याला ती थांबवायची, ओळखपत्र मागायची, भिंगाखाली धरायची, आणि मग ते बाजूला ठेवून आपलं सुरू करायची.

"घरात मोठं कोण? कितीचं? तुझ्या पाठचं कोण? तू दहावीत होतास तेव्हा ते कितवीत होतं?"

वय किती, हे ती कधीच विचारत नसे. एकवीस पूर्ण असल्याशिवाय आत प्रवेश नाही, ही पाटी तिच्या डोक्यावरच होती, त्यामुळे वय सगळे पाठ करून यायचे. जन्मतारीख झोपेत विचारली तरी घडाघडा म्हणतील. पण भावंडांची वयं पाठ करून यायचं कुणाला सुचत नसे. धाकटी बहीण सातवीत होती की नववीत, इथे गाडी अडायची. मग बोटं मोजणं, आढ्याकडे बघणं, "काकू, मला गणित जमत नाही" वगैरे.

"स्वतःचं वय वाढवणं सोपं असतं रे," आत्या म्हणायची. "मग सगळं घर वाढवावं लागतं. तेवढी मेहनत करायची तुझी तयारी नाही. आण ते कार्ड इकडे."

कॉलेजातल्या पोरांनी तिचं नाव खानेसुमारी ठेवलं होतं. "आज खानेसुमारीने आजी-आजोबांपर्यंत नेलं राव," असं कुणी म्हणालं की कँटीनमध्ये हशा पिकायचा. मीही हसायचे, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

ही विद्या तिने बारमध्ये कमावली नव्हती. एकतीस वर्षं ती एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात लेखनिक होती. पहिलीच्या प्रवेशाचं रजिस्टर तिच्याकडे असायचं. तेव्हा दाखल्यांची आजच्यासारखी कडक तपासणी नव्हती, आणि मुलाचं वय एखाद्या वर्षाने कमी लावून ठेवलं की पुढे नोकरीत तेवढंच वर्ष जास्त मिळतं, ही अक्कल बापांना कुणी न शिकवता यायची. आत्या मुलाला बाजूला बसवायची आणि बापाला भावंडं विचारायची. एकदा एका गृहस्थांनी इतकी काटछाट केली, की त्यांच्या दोन मुलांमध्ये चारच महिन्यांचं अंतर उरलं. आत्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, त्यांच्या आईला जरा श्वास तरी घेऊ द्या." ही गोष्ट आमच्या घरात दर दोन महिन्यांनी सांगितली जायची आणि बाबा दर वेळी नव्याने हसायचे.

ती निवृत्त झाली आणि तीनच महिन्यांत हैराण झाली. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, कपाटं लावून झाली, आईच्या संयमाचा अंत बघून झाला. तेवढ्यात तो बारमालक आला. तिच्याच शाळेतला जुना विद्यार्थी, चाळिशीचा, पोट सुटलेला, तरी तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहणारा. त्याच्याकडे कॉलेजची तीन पोरं पिताना सापडली होती. वीसच्या आतली, खोटी ओळखपत्रं दाखवून आत आलेली. आणखी एकदा असं झालं तर परवाना कायमचा जाणार होता.

"बाई, माझ्या दाराशी धिप्पाड माणसं आहेत," तो म्हणाला. "पण त्यांना पोरं गुंडाळतात. तुम्हाला आजवर कुणी गुंडाळलेलं मला आठवत नाही. माझं घर तुमच्या हातात आहे असं समजा."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अक्का, लोक काय म्हणतील? आयुष्यभर शाळेत काढलंस आणि आता दारूच्या गुत्त्यावर?"

"शाळेत मी वयंच लिहीत होते," आत्या म्हणाली. "तिथेही वयंच लिहायचीत. आणि लोकांचं म्हणशील तर त्यातले निम्मे मला रोज तिथे दिसतीलच."

ती जायला लागली. रोज रात्री जेवताना ती दिवसभरात पकडलेल्यांच्या हकिकती सांगायची, कोण कुठे अडकला, कोणता प्रश्न कामी आला, आणि बाबा कुरकुरत कुरकुरत कान टवकारून ऐकायचे. मीही ऐकायचे. माझ्या ते किती नीट लक्षात राहत होतं, हे तिला कळायला हवं होतं.

कॉलेजात मी कुणालाही सांगितलं नव्हतं की खानेसुमारी माझी आत्या आहे. पहिल्याच आठवड्यात मी मैत्रिणींच्या घोळक्यातून बारसमोरून चालले होते आणि ती खुर्चीत होती. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता हाक मारणार, डबा खाल्लास का म्हणून विचारणार. आत्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मैत्रिणींकडे पाहिलं, मग वहीचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर काहीतरी लिहू लागली. घरी आल्यावरही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून रस्त्यात आम्ही एकमेकींच्या कुणी नव्हतो, आणि हे मी तिच्याकडून न मागता घेतलं होतं. मला हायसं वाटलं होतं, हे इथे लिहूनच टाकते.

आता आमच्या घराची मोजदाद. आई, बाबा, आत्या, आणि आम्ही तीन भावंडं. दादा तीस वर्षांचा, मधली बहीण तेवीसची, दोघंही नोकरीसाठी बाहेरगावी. मी धाकटी, एकोणीसची. दादा आणि मधली यांच्यात सात वर्षांचं अंतर, कारण त्या दोघांमध्ये एक भाऊ होता. तो अकरा दिवसांचा होऊन गेला. त्या अकरा दिवसांत आई तापाने बेशुद्धीत होती, बाबा तिच्या उशाशी, आणि बाळ आत्याच्या मांडीवर. त्याला खरं म्हणजे तिनेच काय ते पाहिलं. जन्माची नोंद करायला तीच गेली आणि त्याच पंधरवड्यात त्याच खिडकीवर दुसरा फॉर्म भरायलाही तीच गेली.

आमच्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त आत्या मोजताना चुकून, की मुद्दाम, "चौघं" म्हणायची. "तुम्हा चौघांच्या तारखा मला तोंडपाठ आहेत." असं म्हटलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि बाबा हळूच म्हणायचे, "अक्का, पुरे." मग आत्या गप्प बसायची. पुढच्या वेळी पुन्हा चौघंच.

मला एक जिवलग मैत्रीण होती. वसतिगृहात राहायची, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, म्हणून सगळे तिला ठेंगू म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी ती चौदाची दिसायची आणि याचा तिला भयंकर राग होता. परीक्षा संपल्याच्या दुपारी वरच्या वर्गातली मंडळी बारमध्ये जाणार होती आणि ठेंगूला काहीही करून त्यांच्यात बसायचं होतं. त्यात एक मुलगा होता, तो विषय सोडा. ओळखपत्र तयार होतं. वसतिगृहात छापखाना नावाने ओळखला जाणारा एक जण होता, त्याने नाव, तारीख, शिक्का सगळं चोख करून दिलं होतं. कार्डावर ती तेवीस वर्षांची होती. प्रश्न फक्त खानेसुमारीचा होता.

"तिला पार करायचं कसं, ते मी सांगते," मी म्हणाले.

कशासाठी म्हणाले? पैशासाठी नाही, मैत्रीसाठीही फारसं नाही. कॉलेजात ज्या बाईपुढे सगळ्यांनी हात टेकले होते तिची किल्ली माझ्याजवळ होती, आणि ती खिशात ठेवून मला चैन पडत नव्हती. मी मोठी दिसणार होते. बस, एवढंच.

तिच्या खोलीत, खाटेवर मांडी घालून, मी तिची तयारी करून घेतली. बनावट घर उपयोगाचं नाही, म्हटलं, तिसऱ्या प्रश्नाला कोसळतं. खरं घर घ्यायचं. मग कुणाचं? माझंच होतं की तयार. तू मधली बहीण हो. मोठा भाऊ तिसाचा. धाकटी बहीण एकोणीसची. तू दहावीत तेव्हा ती सहावीत. दादाची बारावी झाली तेव्हा तू पाचवीत. ठेंगू हुशार होती, अर्ध्या तासात तिने माझ्या घराचं माप पाठ केलं.

"आणि मोठ्या भावात आणि माझ्यात सात वर्षं कशी, असं विचारलं तर?"

आत्या हे नक्की विचारणार, हे मला माहीत होतं. मोठ्या अंतरावर तिचं बोट हमखास पडायचं. आणि मी, पापणीही न हलवता, म्हणाले, "सांग, मध्ये एक भाऊ होता. अकरा दिवसांचा होऊन गेला. मग म्हातारी पुढे काही विचारणार नाही. पाघळेल."

"खरंच होता का गं?" ठेंगूने विचारलं.

"तू पाठ कर ना," मी म्हणाले.

मूल गेलेली घरं गावात शेकड्यांनी असतात, आत्याला काय कळणार, असा माझा हिशोब होता. अकरा हा आकडा बदलावा, एवढंही मला सुचलं नाही. जिने जन्मभर दुसऱ्यांचं खोटं आकड्यांवरून पकडलं, तिच्या पुढ्यात मी तिचाच आकडा पाठवला.

त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले नाही. घरी काम आहे म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात, फळ्यांच्या आडून बघत उभी राहिले. अडीच वाजले असतील. आत्याच्या शेजारच्या खुर्चीत हवालदार बसला होता. तो अधूनमधून यायचा, आत्याने जप्त केलेली कार्डं पाकिटात घालून न्यायचा. पुढचं सगळं ठरलेलं होतं. चौकीवरून कॉलेजला फोन, कार्ड कुणी बनवलं, कुणी पढवलं याची चौकशी, आणि ज्याचं नाव निघेल त्याला वर्षभर घरी. मागच्या महिन्यात दोघं गेले होते. हवालदार तिथे नसताना आत्या कधीकधी एखाद्याला कान धरून नुसतं परत पाठवायची. तो बसलेला असला की तिला तशी मुभा नव्हती.

मोठी मंडळी पटापट आत गेली, ती खरोखरच एकविशीच्या वरची होती. ठेंगू टेबलापुढे उभी राहिली. आत्याने भिंग लावलं. प्रश्न सुरू झाले. मला ऐकू येत नव्हतं, पण मला सगळं पाठ होतं, त्यामुळे ठेंगूची मान हलताना कोणतं उत्तर चाललंय ते कळत होतं. आत्या लिहीत होती. मग तिने काहीतरी विचारलं आणि ठेंगूने मान खाली घातली. आम्ही तशी तालीम केली होती, इथे मान खाली घालायची.

आत्याचं पेन थांबलं.

तिने ठेंगूकडे पाहिलं नाही. ठेंगूच्या डोक्यावरून तिने रस्त्याकडे पाहिलं, फाटकाकडे, फुटपाथकडे, दुकानांच्या रांगेकडे. मी फळ्यांच्या मागे खाली बसले. दुकानदाराने विचारलं, "काय हरवलं ताई?" मी म्हणाले, "काही नाही." उठले तेव्हा आत्या वहीत लिहीत होती. हवालदाराने वाकून काहीतरी विचारलं. आत्याने मान हलवली, कार्ड ठेंगूच्या हातात दिलं आणि झुलतं दार स्वतःच्या हाताने तिच्यासाठी उघडून धरलं.

आतल्या वेटरने नंतर मला सांगितलं, की त्या दुपारी बाई दोनदा खुर्चीवरून उठून आत डोकावून गेल्या होत्या आणि त्याला म्हणाल्या होत्या, त्या बारक्या मुलीला एकच दे, जास्त मागितलं तर मला सांग. त्याने एकच दिलं. बाकीचे ग्लास टेबलावरच्या मोठ्यांनी मागवले आणि तिच्यापुढे सरकवले.

संध्याकाळी आत्या नेहमीच्या वेळी घरी आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"तुझी ती ठेंगणी मैत्रीण," ती म्हणाली. "नीट पोचली का खोलीवर?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "कोण?"

ती थोडा वेळ उभी राहिली. माझ्या हातात तेवढा वेळ होता. तेव्हा रडून मोकळी झाले असते तर निम्मं तरी सुटलं असतं. "कुणी नाही," आत्या म्हणाली आणि गेली.

ठेंगू खोलीवर पोचलीच नव्हती. साडेचारला ती बाहेर पडली होती. जुन्या इमारतीत वाचनालयाकडे जाणाऱ्या दगडी जिन्यावरून ती तोंडावर पडली. सफाईवालीला ती सापडली तेव्हा उलटी घशात अडकून तिचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. त्या बाईने तिला कुशीवर वळवलं म्हणून ती वाचली. जबडा मोडला, दोन दात गेले. बरोबरच्या मंडळींनी दवाखान्यात सगळं सांगून टाकलं, कुठे बसलो, किती प्यायलो, आत कुणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चौकीचे साहेब आत्याची वही घेऊन आमच्या घरी आले. बारमालकही मागोमाग आला होता, पुन्हा हात मागे बांधून उभा. साहेबांनी वही उघडली. वहीत शेवटचा एक रकाना होता, त्यात आत्या फक्त खरं किंवा खोटं, एवढंच लिहायची.

"इथे खरं लिहिलंय तुम्ही," साहेब म्हणाले. "एवढीशी पोरगी. हवालदार म्हणतो, त्यालाही शंका आली होती, तुम्हीच म्हणालात बरोबर आहे. तुम्हाला संशय आला नाही?"

"आला होता," आत्या म्हणाली.

"मग?"

"मी सोडलं. चूक माझी आहे. यात मालकाचा काही दोष नाही, तसं लिहून देते."

"पण का सोडलंत?"

आत्याने लिहून द्यायला कागद मागितला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं म्हणतात, जमीन कुठली दुभंगते. ती आपली पायाखाली घट्ट राहते आणि आपण तिच्यावर उभे राहतो, तोंड मिटून.

परवाना गेला. बारला कुलूप लागलं. आत्या मालकाच्या घरी माफी मागायला गेली. तो तिला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होतो." हे तिनेच आम्हाला सांगितलं आणि ताटावरून उठली. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी रस्त्यात तिला बघून वाट बदलली. बाबांना तर कोलीतच मिळालं. "तरी सांगत होतो! एकतीस वर्षांची अब्रू एका दुपारी घालवलीस! त्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर?" रोज जेवताना तेच. आत्या मान खाली घालून जेवायची. मी तिच्या शेजारीच बसायचे आणि भाजी वाढा म्हणायचे.

माझं नाव कुठेच आलं नाही. छापखान्याला कॉलेजने काढलं, त्याला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. ठेंगूचा जबडा तारांनी बांधलेला होता, तिला बोलता येत नव्हतं, तिने पोलिसांना कागदावर लिहून दिलं, घरची माहिती मीच बनवली. तिलाही वर्षभरासाठी काढलं, आणि ती परत आलीच नाही. मी तिला भेटायला एकदाच गेले. पोलीस आमच्या घरी येऊन गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिने पाटीवर लिहिलं, "ती तुझी आत्या होती?" मी मान हलवली. तिने पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळ्यांनी मला वाचवलं. वाचवून घेण्यासारखं माझ्यात काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. आत्या घरातून फारशी बाहेर पडत नसे. हकिकती सांगणं बंद झालं. त्या चार महिन्यांच्या अंतराच्या दोन मुलांची गोष्टसुद्धा पुन्हा कुणी काढली नाही. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज रात्री मला काही ना काही कारण सापडायचं.

मग एका सकाळी खरीखुरी खानेसुमारी दारात आली. सरकारी कामावर नेमलेली एक तरुण शिक्षिका, हातात छापील तक्ते, गळ्यात ओळखपत्र. आईने तिला खुर्ची दिली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. घरातली माणसं, वयं, शिक्षण, सगळं लिहून झालं. मग तिने आईला विचारलं, "तुम्हाला एकूण मुलं किती झाली?"

आईने सवयीने आत्याकडे पाहिलं. आमच्या घरात असले प्रश्न आत्याकडेच जायचे. मागच्या खानेसुमारीच्या वेळी ती ताडकन म्हणाली होती, "चार झाली, तीन आहेत," आणि आई उठून आत गेली होती. सगळ्यांना ते आठवत होतं. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

आत्या खिडकीपाशी बसली होती. "तीन," ती म्हणाली.

शिक्षिकेने तीन लिहिलं. आई आत्याकडे बघत राहिली. आई इतकी वर्षं ज्या आकड्याला भिऊन उठून जायची तो आला नाही, आणि ती उठलीही नाही. तो मुलगा ज्या एका माणसाने इतकी वर्षं मोजून जिवंत ठेवला होता, तिच्याकडून मी त्याला काढून घेतला होता.

"चार," मी म्हणाले.

शिक्षिकेने वर पाहिलं. "चौथं कोण?"

"मध्ये एक भाऊ होता. अकरा दिवसांचा होऊन गेला."

मग मी थांबले नाही. हेच वाक्य मी ठेंगूला पाठ करून दिलं होतं, म्हणाले, म्हातारी पाघळेल म्हणाले होते, मान खाली घालायलाही मीच शिकवलं होतं, समोरच्या दुकानात लपून बघत होते. रडत होते की नाही, आठवत नाही. ती बिचारी शिक्षिका तक्ता छातीशी धरून बसली होती, जावं की थांबावं तिला कळेना.

आई माझ्याकडे वळलीच नाही. ती आत्याला म्हणाली, "अक्का, तुम्हाला कळलं होतं?"

"दारातच."

"हिच्यासाठी सोडलंत तिला?"

"हिच्यासाठीही असेल," ती म्हणाली. "खोटं लिहावं म्हणून पेन टेकवलं होतं मी. पण ती पोरगी म्हणाली, मध्ये एक भाऊ होता. इतक्या वर्षांत, अगं, माझ्याशिवाय कुणी तरी पहिल्यांदा त्याला मोजलं. त्याच्यापुढे मी खोटं कसं लिहू?"

आई उठली. मला वाटलं, नेहमीसारखी आत जाणार. ती आत्याजवळ गेली, तिच्या पायाशी खाली बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "कसा होता तो, अक्का? मी तर त्याला नीट बघितलंच नाही."

शिक्षिकेने माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "मग चार करू ना?"

मी मान हलवली. तिने तीनवर रेघ मारली आणि शेजारी चार लिहिलं.